हवालदारांचा सातवा नियम

कुठलंही भांडण मिटवायला बसले की हवालदार आधी गळ्यातली शिट्टी काढून सदऱ्याच्या खिशात ठेवत. मग दोन्ही बाजूंकडं एकेकदा बघत आणि विचारत, "पयल्या वर्ल्ड कपाला काय झालतं, म्हायती हाय?"

कुणालाच माहिती नसे. भांडण निम्मं तिथंच संपे, कारण ऐन तावात असा प्रश्न आला की आपण कशावरून भांडत होतो तेच माणसाला आठवत नाही.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा गृहस्थ असेल, ज्याला जगातली एकच गोष्ट पक्की ठाऊक असते आणि बाकीचं सगळं जग तो त्या गोष्टीत बसवून बघतो. फौजेतून निवृत्त होऊन गावी आलेल्या आमच्या हवालदारांकडं एकोणीसशे तीस साली उरुग्वेत झालेली फुटबॉलची स्पर्धा होती. मी सांगलीचा. चित्रकलेचा शिक्षक म्हणून कोरेगाव तालुक्यातल्या त्यांच्या गावी आलो, तेव्हा उरुग्वे नावाचा देश मी नकाशातसुद्धा कधी रंगवला नव्हता. महिन्याभरात त्या देशाची मला आमच्या तालुक्यापेक्षा जास्त माहिती झाली.

एका लग्नात नवरीकडच्यांनी कोरेगावचा बँड सांगितला होता आणि नवऱ्याकडच्यांनी साताऱ्याचा. दोन्ही बँड एकाच दारात उभे राहिले आणि कुणी हटेना. हवालदारांना बोलावलं. त्यांनी शिट्टी खिशात ठेवली.

"पयल्या फायनलला अर्जेंटिना म्हणली, आमच्या बॉलनं खेळणार. उरुग्वे म्हणली, आमच्या. मग काय केलं? निम्मा डाव त्यांचा बॉल, निम्मा डाव ह्यांचा. देवळापतुर सातारकर वाजवतील, देवळाफुडं कोरेगावकर."

सगळ्यांना पटलं. पण माहिती अर्धवट राहू नये म्हणून हवालदारांनी पुढचंही सांगून टाकलं. अर्जेंटिना आपल्या बॉलवर निम्म्या डावाला दोन-एकनं पुढं होती आणि शेवटी चार-दोननं हरली. हे ऐकल्यावर आधी वाजवायला कुठलाच बँड तयार होईना. वरात बँडाशिवाय गेली.

हे सगळं त्यांना कुठून कळलं, हा प्रश्न मलाही पडला होता. दुसऱ्या महायुद्धात त्यांची पलटण इटलीत होती. तिथं मांडीत गोळी लागून ते सहा महिने इस्पितळात पडून राहिले. त्या इस्पितळात लादी पुसणारा एक म्हातारा पूर्वी बोटीवर वाढपी होता, आणि पहिल्या वर्ल्ड कपाला युरोपातून निघालेल्या तीन संघांना त्यानं त्या बोटीवर पंधरा दिवस सूप वाढलं होतं.

"त्याला मराठी येत न्हवतं आन मला त्याचं इटालियन," हवालदार म्हणत. "पर सहा म्हयनं हुतं की."

मला हे खरं वाटेना. एका सुट्टीत मी मुद्दाम साताऱ्याच्या वाचनालयात जाऊन एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ काढला. तेरा संघ, बोट, दोन बॉल, सगळं जसंच्या तसं होतं. फायनलच्या रेफ्रीनं सामन्याआधी आपल्यासाठी पळून जायला बोट तयार ठेवायला सांगितली होती, तेही होतं. मी परत येऊन हवालदारांना म्हणालो, "आबा, पुस्तकातही तसंच आहे."

"मग चांगलं हाय पुस्तक," ते म्हणाले.

हवालदारांना एकच मुलगा होता, वसंत. तोही फौजेत गेला आणि पासष्टच्या लढाईत पडला. पलटणीकडून त्याची ट्रंक घरी आली. ट्रंकेत कपडे होते, पत्रं होती आणि एक पितळी कप होता. पलटणीच्या फुटबॉल सामन्यात वसंताला तो मिळाला होता, आणि त्यावर इंग्रजीत त्याचं नाव कोरलेलं होतं. हवालदारांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, तो कप पाच वर्षं रोज चिंचेनं घासला. एवढा घासला की नावातली शेवटची दोन अक्षरं पुसट झाली.

सत्तर साली ब्राझीलनं तिसऱ्यांदा वर्ल्ड कप जिंकला आणि नियमाप्रमाणं तो कप त्यांना कायमचा मिळाला. ही बातमी हवालदारांनी पेपरात वाचली आणि दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडं एक पत्र्याचा फळा घेऊन आले.

"मास्तर, अक्षर चांगलं हाय तुमचं. नियम लिवायचं हायत. गावात स्पर्धा भरवतोय. वसंताचा कप ठेवणार."

मी म्हणालो, "काकींना विचारलंत का?"

"घरात हाय तवर ती रोज घासती आन रोज रडती," ते म्हणाले. "मैदानात ऱ्हायला तर पोरं तरी खेळतील."

मी ऑईलपेंटनं सात नियम लिहिले. सहावा असा होता की जिंकणाऱ्या गावानं कप मिरवून तिसऱ्या दिवशी हवालदारांच्या घरी आणून द्यावा. सातवा असा: जो संघ हा कप तीन वेळा जिंकेल, त्याला तो कायमचा देण्यात येईल.

सातव्याशी मी ब्रश थांबवला. "आबा, हा राहू दे ना."

"वर्ल्ड कपाचा नियम हाय त्यो," हवालदार म्हणाले. "आन आपल्याकडं एक गाव तीनदा एका कामात टिकलंय, असं बघितलंय का कवा तुमी?"

मी बघितलं नव्हतं. म्हणून लिहिलं.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुस्त्या होत. त्याच दिवशी सकाळी गावाबाहेरच्या माळावर फुटबॉल सुरू झाला. हवालदारांनी तेरा संघांची जागा ठेवली होती. आले पाच. त्यातला एक उशिरा आला आणि ओढ्याला पाणी होतं म्हणून सांगू लागला.

"ती माणसं समिंदर वलांडून आली," हवालदार म्हणाले, "आन तुमास्नी वढा वलांडवंना?"

बघणारी मंडळी कुस्तीची होती. गोल झाला की हलगी वाजे, गोल मारणाऱ्याला फेटा बांधत आणि मग तो फेट्यासकट खेळे. बरोबरी झाली की सामना सोडवा, दोघांना नारळ द्या, असा गलका होई. रेफ्री हवालदार स्वतःच. सामन्याआधी ते आपली सायकल माळाच्या कडेला, तोंड घराकडं करून लावून ठेवत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "माझ्याकडं बोट कुठं हाय?"

कप ते फौजी बुटांच्या खोक्यात घालून कॉटखाली ठेवत. लढाईच्या काळात इटलीत खरा वर्ल्ड कपसुद्धा एका माणसानं असाच बुटांच्या खोक्यात, कॉटखाली लपवून ठेवला होता. पुढं इंग्लंडात तो काचेच्या कपाटात ठेवला तर चोरीला गेला आणि एका कुत्र्यानं शोधून दिला. तेव्हा खबरदारी म्हणून हवालदारांनी एक कुत्रंही पाळलं होतं. त्या कुत्र्यानं आयुष्यात एकच वस्तू शोधून आणली, माझी चप्पल. ती माझ्या दारातच होती.

एकाहत्तरला कप नदीपलीकडच्या गावानं जिंकला. मधल्या वर्षी आम्ही जिंकलो, पण त्र्याहत्तरला पुन्हा ते. दोन झाले. आता मात्र हवालदारांनी कपाची काळजी घ्यायला हवी, असं आम्हाला वाटू लागलं. हवालदारांना तसं काही वाटलेलं दिसलं नाही. उलट त्याच वर्षी त्यांनी पलीकडच्यांना एक खेळाडू मिळवून दिला.

त्याचं नाव दिनकर. वीस-एकवीसचा असेल. गुऱ्हाळावर ऊस घालताना चरकात त्याचा डावा हात गेला होता, कोपरापासून खाली. दोन वर्षं तो घराबाहेर पडला नव्हता. पाहुणे आले की माडीवर जाऊन बसे. स्पर्धेचं बोलावणं द्यायला हवालदार त्या गावी गेले, मीही बरोबर होतो. त्याच्या वडिलांनी हे सगळं सांगितलं. हवालदार सरळ माडीवर गेले. शिट्टी खिशात ठेवली.

"पयल्या वर्ल्ड कपात शेवटचा गोल कुणी मारला, म्हायती हाय?"

दिनकरनं तोंड भिंतीकडं केलं.

"उरुग्वेच्या एका गड्यानं. त्याला एकच हात हुता. दुसरा करवतीत गेलता, तेरा वर्साचा असताना."

"खरं सांगताय व्हय, आबा?"

"ह्या मास्तरास्नी इचार. त्यांनी पुस्तकात बघितलंय."

मी ते बघितलं होतं. मान हलवली. हवालदार म्हणाले, "फुटबॉलात हात लावला की फाऊल. तुजं निम्मं फाऊल आधीच वाचल्यात रं गड्या. ऊठ."

पुढच्या यात्रेला दिनकर खेळला, आणि चांगला खेळला. डावी बाही तो मोकळीच सोडे. पळताना ती मागं फडफडे आणि आमचे बचाव करणारे तिच्याकडंच बघत राहत. तरी दोन वर्षं कप दुसऱ्याच गावांनी नेला. शहात्तरला पलीकडचे पुन्हा फायनलला आले. समोर आमचं गाव.

फायनलच्या आदल्या दुपारी काकींनी मला घरी बोलावलं. हवालदार माळावर चुन्याच्या रेषा मारायला गेले होते. काकी कधी जास्त बोलत नसत. त्या दिवशी चहाही न ठेवता म्हणाल्या, "मास्तर, फळा तुमीच लिवलाय न्हवं? मग तुमीच पुसा."

"काकी, ऑईलपेंट आहे ते."

"माझ्याकडं त्याचं दुसरं काय बी न्हाई," त्या म्हणाल्या. "फोटू बी फौजेतला हाय, त्यात वळखू येत न्हाई. कप तेवढा हाय. त्यांना सांगून उपेग न्हाई, म्हणून तुमाला सांगती."

मी पुसलं काही नाही. रंगाचा डबा आणून त्यांच्या ओसरीवर टांगलेल्या फळ्यावर सातव्या नियमात 'तीन वेळा'च्या आधी, वरच्या बाजूला, 'सलग' एवढाच शब्द घातला. पलीकडच्यांचे दोन विजय सलग नव्हते. कुणाचं नुकसान नव्हतं, काकींचा कप राहत होता, आणि अक्षर माझंच असल्यामुळं कळणारही नव्हतं. मला त्या शब्दाचा फार अभिमान वाटला. अर्ध्या तासात हवालदार काखेत फळा आणि हातात टर्पेंटाइनची बाटली घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"मास्तर, ब्राझीलनं कवा कवा जिंकला?"

मी रंगाचा डबा पायानं मागं सरकवला.

"अठ्ठावन, बासष्ट आन सत्तर. सलग हाय का?"

"आबा, हे ब्राझील नाही. आणि कप वसंताचा आहे."

"म्हणूनच," ते म्हणाले आणि बाटली माझ्या हातात दिली. रंग ओला होता, लगेच निघाला. निघेपर्यंत ते तिथंच उभे राहिले.

फायनलला काकी पहिल्यांदाच माळावर आल्या. टेबलावर कप होता, शेजारी खुर्चीत त्या. मी लाइनमन होतो, हातात लाल झेंडा. पहिला निम्मा डाव आमच्या बॉलवर झाला आणि आम्ही एकनं पुढं गेलो. दुसरा त्यांच्या बॉलवर. त्यांनी बरोबरी केली. शेवटची काही मिनिटं उरली असताना उजवीकडून एक उंच बॉल आला. दिनकर त्याच्याखाली पळत आला. बॉल त्याच्या फडफडणाऱ्या बाहीला घासला, त्याच्या पायाशी पडला आणि त्यानं तो आत मारला.

"हँड! हँड!" आमचा अख्खा गाव ओरडला. हलगीवाल्याचा हात वरच राहिला.

हे माझ्या समोर दहा पावलांवर झालं होतं. बॉल कापडाला लागला होता, हे मी स्पष्ट पाहिलं. आणि मी झेंडा वर केला. का केला ते तुम्हाला कळलंच असेल. मला त्या क्षणी टेबलाशेजारची खुर्ची तेवढी दिसत होती.

हवालदारांनी शिट्टी मारली. मग ती गळ्यातून काढून खिशात ठेवली. पण या वेळी त्यांनी पहिल्या वर्ल्ड कपाबद्दल काही विचारलं नाही. आधी माझ्याकडं आले.

"काय बघितलंसा, मास्तर?"

"हाताला लागला," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. वर्गात मी मुलांकडं असं कधी बघू शकलो नाही. मग ते दिनकरकडं गेले आणि त्याची मोकळी बाही हातात धरली. "तुला काय वाटलं रं?"

"मला कळलं न्हाई, आबा," दिनकर म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "तिथं मला काय कळतच न्हाई."

हवालदारांनी बाही उलटीपालटी करून बघितली. बॉलची माती बाहीच्या अगदी टोकाला लागलेली होती. त्यांनी बाही सोडली, सरळ उभे राहिले आणि परेडवर देतात तशा आवाजात म्हणाले, "कापडाला लागलाय. गोल."

आमचा गाव माळात उतरला. माणसं हवालदारांच्या तोंडासमोर हात नाचवून बोलत होती. कुणीतरी म्हणालं, पोराचा कप इकला म्हाताऱ्यानं. सायकल घराकडं तोंड करून उभी होती, पण हवालदार तिच्याकडं गेले नाहीत. शिट्टी गळ्यात घालून त्यांनी उरलेली दोन मिनिटं खेळवली आणि टेबलापाशी आले.

"तूच दे," ते काकींना म्हणाले.

काकींनी कप उचलला. पदरानं पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या आणि कुणीही त्यांना घाई केली नाही. मग त्यांनी तो दिनकरपुढं धरला. दिनकरनं तो एका हातानं छातीशी घेतला आणि हवालदारांना म्हणाला, "आबा, ऱ्हाऊ द्या. तुमच्या घरचा हाय."

"ब्राझीलनं परत दिला का?" हवालदार म्हणाले. त्यांनी टेबलाखालून बुटांचा खोका काढला. "ह्यात ठेवायचा, कॉटखाली. कपाटात न्हाई. आन घासायचा तर चिचनं. राखंनं चरं पडत्यात."

त्या दिवशी संध्याकाळच्या कुस्त्यांना मी गेलो नाही. हवालदार गेले. झेंड्याबद्दल ते मला कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी स्पर्धा झाली, कप नव्हता, नुसता नारळ होता. त्यानंतर माझी बदली सांगलीला झाली.

अठ्ठ्याहत्तरच्या होळीआधी हवालदार गेले. पत्र मला उशिरा मिळालं. आणि त्याच वर्षी, जूनच्या शेवटी, पेपरात बातमी आली की अर्जेंटिनानं वर्ल्ड कप जिंकला. निम्म्या डावाला ज्यांचा बॉल काढून घेतला होता, ती अर्जेंटिना. हवालदारांना त्यांच्याबद्दल कायम वाईट वाटे. पेपर वाचून मी सवयीनं म्हणालो, आबांना सांगायला हवं. मग आठवलं. मला फार रडू आलं, आणि ते मी शाळेच्या रंगांच्या खोलीत उरकून घेतलं.

रविवारी मी कोरेगावची एसटी धरली. काकी घरीच होत्या. आमच्या गप्पा थोड्याच झाल्या. निघताना मी धीर करून म्हणालो, "काकी, पलीकडं जाऊन कप मागू का? दिनकर देईल."

"कशाला?" त्या म्हणाल्या. "तीनदा जिंकलाय त्येनी." मग आत गेल्या आणि चिंचेचा एक गोळा कागदात बांधून घेऊन आल्या. "तिकडं चाललायसा तर एवढं त्याला द्या. त्याच्या हितली चिच लय जुनी असती. न्हाई निघत डाग."

दिनकर ओट्यावर बसला होता. मला बघून उठला, आतून खोका घेऊन आला. कप त्यानं पायांच्या तळव्यांत उभा धरला, बॉल अडवावा तसा घट्ट, आणि चिंच भिजवून एका हातानं घासायला लागला. कप सारखा फिरत होता, तो पुन्हा पायांनी सरळ करत होता.

"मी धरू का?" मी म्हणालो.

"नगं, मास्तर. जमतंय मला."

मी अर्जेंटिनाचं सांगितलं. "आबास्नी लय बरं वाटलं असतं," तो म्हणाला. थोडा वेळ घासत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "मास्तर, एक इचारू? त्या दिशी हाताला लागलाता का? आबा कापडाला म्हणालं. पर तुमी जवळ हुतासा, आन तुमी झेंडा केलाता. मला तर कळलंच न्हाई. दोन वर्सं झाली, कप काढला की त्येच मनात येतं."

मी ज्या माणसांसाठी खोटं बोललो होतो त्यांना त्याचा काही उपयोग झाला नव्हता. ते सगळं याच्या वाट्याला आलं होतं, हे मला त्या ओट्यावर कळलं.

"कापडालाच लागला," मी म्हणालो. "बाहीच्या टोकाला. मी पाहिलं होतं. कप जाऊ नये म्हणून मी खोटा झेंडा वर केला, दिनकर. आबांना ते माहिती होतं."

त्याचा हात थांबला. मी उठून जावं की बसावं ते मला कळेना. मग त्यानं तळव्यांची पकड सोडली, कप उचलून माझ्यापुढं केला आणि वसंताच्या नावाची बाजू वर फिरवली.

"धरा जरा," तो म्हणाला. "ह्या अक्षरातलं एकट्याला निघत न्हाई."

मी दोन्ही हातांनी कप धरला.